रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षा: सुरुवात कचऱ्याच्या पिशवीपासून

प्रश्न थोडक्यात असा. दादर भागात ६० खाटांचं खासगी रुग्णालय आहे. दोन ऑपरेशन थिएटर, सहा खाटांचा आयसीयू, एक्स-रे, सी-आर्म (थिएटरमधलं फिरतं एक्स-रे यंत्र) आणि छोटी लॅब. कायम कर्मचारी नव्वदच्या आसपास, शिवाय कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक मिळून चाळीस. फाईल तयार आहे, भिंतींवर फलक लागलेत, तरी कर्मचाऱ्यांना सुया टोचणं, पाठदुखी, खोकला चालूच आहे. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची आणि सुरक्षेची व्यवस्था नव्याने बसवायची तर कुठून सुरुवात करावी?

कचऱ्याच्या पिशवीपासून करा. रुग्णालयातला धोका एका जागी राहत नाही, तो हातोहात खाली सरकतो. डॉक्टर सुई वापरतात, सिस्टर ट्रे उचलते, मामा (वॉर्डबॉय) ट्रे रिकामा करतो, मावशी (सफाई करणारी) पिशवीला गाठ मारते आणि सकाळी गाडीवरचा कामगार ती पिशवी खांद्याला लावतो. मावशीला जी सुई टोचते ती तिने कधी वापरलेलीच नसते. कोणाची होती, कोणत्या रुग्णाची होती, काहीच कळत नाही, आणि म्हणून उपचार ठरवणंही अवघड होतं. तेव्हा सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच ठेवा: ज्याच्या हातून धोका तयार होतो त्यानेच तो तिथल्या तिथे संपवायचा. हे जिथे पाळलं जातं तिथे बाकीच्या गोष्टी हळूहळू जागेवर येतात. जिथे नाही तिथे कितीही प्रशिक्षण दिलं तरी शेवटच्या हाताला इजा होतच राहते.

सुयांचंच घ्या. एका शिफ्टमध्ये नुसतं उभं राहून बघा, सलाईन लावणारी सिस्टर कॅन्युलातून (शिरेत राहणाऱ्या नळीतून) काढलेली सुई कुठे ठेवते. पांढरा, टोचून फुटणार नाही असा अर्धपारदर्शक डबा वॉर्डच्या टोकाला, सिस्टरच्या टेबलाखाली असेल तर ती सुई गादीवर, किडनी ट्रेमध्ये किंवा टोपण परत लावून खिशात जाणार. दोन्ही हात गुंतलेले असताना कोणीही वीस पावलं चालत नाही. म्हणून डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच बसवायचा, हात लांब केला की पोचेल इतका जवळ, तोंड कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली. आयसीयूत दोन खाटांमागे एक. तीन चतुर्थांश भरला की बंद करून नवा. टोचण्याच्या घटनांत गच्च भरलेल्या डब्यात बोटाने दाबून सुई बसवणं हे ठरलेलं कारण आहे. डबा बदलण्याचं काम कोणाचं हे नावानिशी ठरलेलं नसतं, म्हणून तो भरतो.

टोपण परत लावायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी लावलं जातं, कारण अर्धी दिलेली इंजेक्शनं आणि एबीजीचे (धमनीतल्या रक्तातले वायू तपासायचे) नमुने. खरोखरच लावावं लागलं तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एकाच हाताने सुई आत सरकवायची. सुई तोडण्याचं हातयंत्र वापरत असाल तर तोडलेली सुई पांढऱ्या डब्यात आणि सुई नसलेली सिरिंज लाल पिशवीत. काचेच्या व्हायल आणि अँप्युल निळ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस आणि प्लास्टर पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या बाटल्या, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचं हे रंगकोष्टक भिंतीवर लावण्यापेक्षा ट्रॉलीची मांडणीच त्या क्रमाने करा. कोष्टक वाचायला कोणी थांबत नाही, ट्रॉलीवर हात मात्र सवयीने जातो.

थिएटरमध्ये धारदार वस्तू हातातून हातात देणं बंद करा. मध्ये एक किडनी ट्रे ठेवायचा, शस्त्र त्यात ठेवायचं आणि समोरच्याने त्यातून उचलायचं. ज्येष्ठ सर्जन सुरुवातीला कुरकुरतात. त्यांना सांगायचं ते एवढंच, की सुई टोचली तर ती स्क्रब सिस्टरला टोचते आणि रक्त तुमच्या रुग्णाचं असतं. दुहेरी हातमोजे घातले की वरचा मोजा सुईवरचं बरंचसं रक्त पुसून घेतो, हा फायदा फार स्वस्तात मिळतो. आणखी दोन जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत: रुग्णाने घरून आणलेलं इन्शुलिन पेन, ज्याची सुई नातेवाईक साध्या कचऱ्यात टाकतात, आणि साखर तपासायच्या लॅन्सेट, ज्या चादरीच्या घडीत सापडतात आणि धोबीखान्यात टोचतात. दाखल करतानाच नातेवाइकांना एक छोटा डबा द्या आणि जाताना परत घ्या.

सुई टोचलीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे मावशीलाही तोंडपाठ हवं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने किंवा सलाईनने बराच वेळ धुवायचं. मग लगेच कॅज्युअल्टी. शिफ्ट संपल्यावर जाऊन चालणार नाही. लागण होण्याची शक्यता अशी लक्षात ठेवतात: लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी साधारण ३० टक्क्यांपर्यंत, सी ३ टक्क्यांच्या आत, एचआयव्ही ०.३ टक्के. म्हणजे ज्याची भीती सर्वांत जास्त ते सर्वांत दुर्मीळ, आणि ज्यावर लस उपलब्ध आहे तेच सर्वांत जास्त लागतं.

एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर ते देण्यात अर्थ उरत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनानुसार टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम ही एकत्रित गोळी रोज एक, २८ दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर त्यात बदल करतात. यातली मेख अशी, की सुई रात्री अडीचला टोचते आणि औषध फार्मसीच्या कुलपात किंवा दुसऱ्या रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात असतं. म्हणून पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट कॅज्युअल्टीच्या कपाटात, किल्ली ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे आणि मुदत संपण्याची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरात. पुढच्या गोळ्यांसाठी केईएम, सायन, नायर, जेजे यांपैकी जवळच्या एआरटी केंद्राशी आधीच बोलून ठेवा. त्याच दिवशी कर्मचाऱ्याचे एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) तपासा, कारण पुढे काही निघालं तर ते कामावर लागलं हे सिद्ध करायला हाच कागद लागतो. मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी पुन्हा. ज्याची सुई होती त्या रुग्णाची तपासणी त्याची संमती घेऊनच होते. आणि हे औषध म्हणजे रुग्णालयाने केलेली मेहेरबानी नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ नुसार संसर्गाचा धोका असलेल्या प्रत्येक काम करणाऱ्याला प्रशिक्षण, बचावाची साधनं आणि हे औषध द्यावंच लागतं, मग तो कंत्राटी का असेना.

हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशी असते. कायम कर्मचाऱ्यांची ती बहुतेक होते. कंत्राटी मावशीची मात्र होत नाही, कारण सहावा महिना येईपर्यंत ती दुसऱ्या साइटवर गेलेली असते. यावर उपाय साधा आहे: लसीचं कार्ड तिच्या ताब्यात द्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा आणि पहिला डोस घेतल्याशिवाय कोणालाही पिशवीला हात लावू देऊ नका. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पातळी (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची) तपासा. मिलिलिटरमागे १० एमआययू किंवा त्याहून अधिक आली तर तो माणूस सुरक्षित. कमी आली तर डोसांची दुसरी मालिका. लस न घेतलेल्याला सुई टोचली आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) किलोमागे ०.०६ मिलिलिटर, शक्यतो २४ तासांत, आणि त्याच वेळी दुसऱ्या जागी लसीचा पहिला डोस. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं. एका कुपीच्या पैशांत कितीतरी मावश्यांची लस होते, हा हिशोब मालकांसमोर जरूर मांडा.

आता हवेकडे वळू. मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं प्रमाण मोठं आहे आणि शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात काम करणाऱ्यांनाच क्षय झाल्याच्या, त्यात काहींचे जीव गेल्याच्या बातम्या शहराने वाचल्या आहेत. पण तुमच्यासारख्या रुग्णालयात धोका निदान झालेल्या रुग्णाकडून फारसा नसतो, त्याच्याजवळ जाताना सगळे मास्क लावतात. धोका असतो तो ‘ताप आणि अशक्तपणा’ म्हणून जनरल वॉर्डात दाखल झालेल्या आणि चार दिवस खोकत पडलेल्या माणसाकडून. म्हणून पहिला प्रश्न नोंदणीच्या खिडकीवरच: खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे का? असेल तर तिथेच साधा सर्जिकल मास्क द्यायचा, खिडकीजवळ बसवायचं, रांगेत पुढे घ्यायचं आणि थुंकीचा नमुना गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत घ्यायचा. संडासात कधीच नाही.

दुसरी गोष्ट हवा बदलण्याची. आपल्याकडची कितीतरी नर्सिंग होम राहत्या इमारतीत तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असतात. खिडक्यांना काच ठोकून स्प्लिट एसी लावलेला असतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, बाहेरची हवा आत आणत नाही. तपासणीची खोली थंडगार असते आणि डॉक्टर सहा तास त्याच हवेत बसतात. गणित अवघड नाही. खोली ४ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर ६० घनमीटर हवा. संसर्गाच्या खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलावी म्हणतात, म्हणजे ताशी ७२० घनमीटर बाहेर टाकणारा एग्झॉस्ट. पंख्याच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते. जाळी आणि धूळ यामुळे प्रत्यक्षात ती कमी भरते, म्हणून थोडा मोठाच घ्या. १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के जंतुकण निघून जायला २३ मिनिटं लागतात. दोनच वेळा बदलत असेल तर दोन तासांहून जास्त. खोली रिकामी झाल्यावर सफाईला किती वेळाने जायचं, हे याच आकड्यावरून ठरवायचं असतं. इथेही आधी आत जाते ती मावशीच.

पंखा कुठे लावला यालाही तितकंच महत्त्व आहे. हवा आत येण्याची जागा डॉक्टरांच्या पाठीमागे, बाहेर जाण्याची रुग्णाच्या मागे. ऑक्सिजन चालू नसलेल्या खोलीत एक उदबत्ती लावून बघा. धूर रुग्णाच्या खुर्चीवरून डॉक्टरांकडे येत असेल तर टेबल फिरवा. याला पैसे लागत नाहीत आणि मी सांगितलेल्या सगळ्या उपायांत एवढा परिणामकारक दुसरा क्वचितच असेल. पावसाळ्यात खिडक्या बंद होतात आणि सगळी व्यवस्था कोलमडते, म्हणून जूनच्या आधी खिडक्यांवर छज्जे किंवा झडपा बसवून घ्या.

मास्कबद्दल थोडक्यात: सर्जिकल मास्क रुग्णाला, एन-९५ कर्मचाऱ्याला. डोक्यामागून दोन पट्टे येणारा एन-९५ चेहऱ्याला जसा बसतो तसा कानाला अडकवायचा बसत नाही. प्रत्येक वेळी लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडायचा. कडेने हवा लागली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. दाढी असेल तर तो बसतच नाही. वर्षातून एकदा सॅकरिनच्या फवाऱ्याने चाचणी घ्या: मास्क लावून गोड चव लागली तर दुसऱ्या मापाचा द्या. कर्मचाऱ्यालाच दोन आठवडे खोकला असेल तर रजा न कापता थुंकीची जनुकीय चाचणी, जी राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात मोफत होते. रजा कापली जाणार असेल तर तो खोकला लपवेल आणि वॉर्डभर पसरवेल. मधुमेह असलेले, स्टिरॉइडवर असलेले किंवा गरोदर कर्मचारी अशा वॉर्डात नेमू नका, आणि कारण चारचौघांत विचारू नका.

रसायनांत सर्वांत जास्त अपघात साध्या हायपोक्लोराइटचे (जंतुनाशक ब्लीचचे) होतात. १० टक्क्यांच्या द्रावणापासून १ टक्का करायचं तर एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी. ५ टक्क्यांचं असेल तर एकास चार. कॅनवर किती टक्के लिहिलंय ते न वाचता ‘एक झाकण’ म्हणून ओतलं जातं, त्यामुळे कधी जंतू मरत नाहीत, कधी मावशीचे हात सोलतात. रोज ताजं करा, कॅन उन्हात ठेवू नका, मापाचा मग त्याच कॅनला दोरीने बांधा. आणि हायपोक्लोराइट संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो फुफ्फुस जाळतो. दोन्ही कॅन वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, एकाच बादलीत घालून नेऊ नका. रक्त सांडलं तर आधी कागद किंवा कापडाने झाकायचं, वरून १ टक्का द्रावण, दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं.

एन्डोस्कोपी असेल तर २ टक्के ग्लुटराल्डिहाइडचा (दुर्बिणी निर्जंतुक करायच्या द्रावणाचा) ट्रे उघडा ठेवणं हा सर्रास दिसणारा दोष. हवेतली त्याची मर्यादा अवघी ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) धरतात आणि वर्षानुवर्षं त्या वाफेत काम केलेल्या तंत्रज्ञांना दमा होतो, जो काम बदलल्यावरही पाठ सोडत नाही. झाकणाचा ट्रे, टेबलाच्या उंचीवर एग्झॉस्ट आणि नायट्राइलचे मोजे घ्या. लेटेक्समधून ते झिरपतं. इथिलीन ऑक्साइड वायूवर निर्जंतुकीकरण करत असाल तर लक्षात ठेवा, त्याचा वास येईपर्यंत प्रमाण मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. ‘वास येत नाही म्हणजे ठीक’ हे इथे चालत नाही. ५० ते ६० अंशांवर ८ ते १२ तास हवा खेळवल्याशिवाय पाकिटं बाहेर काढू नका. फॉर्मॅलिन बाटलीतून बाटलीत ओतणं टाळा, भरलेले डबेच विकत घ्या.

केमोथेरपी देत असाल तर औषध वॉर्डच्या टेबलावर तयार करू नका, त्यासाठी जैवसुरक्षा कपाट लागतं. ते नसेल तर तयार डोस बाहेरून मागवा. औषधानंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवीतून ते बाहेर पडत असतं. बेडपॅन उचलणाऱ्या मावशीला हे कोणीच सांगत नाही. खाटेला पिवळी चिठ्ठी लावा आणि दुहेरी मोजे तिथेच ठेवा.

पाठदुखीकडे सगळे वयाचा किंवा वजनाचा दोष म्हणून बघतात. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने रुग्ण हलवताना एका माणसावर १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये असं सांगितलंय, आणि ७० किलोचा रुग्ण दोन सिस्टर उचलतात तेव्हा प्रत्येकीवर किती येतं ते आपणच मोजावं. उचलण्याची पद्धत शिकवून हे सुटत नाही. सरकवायला घसरती चादर द्या. खाट ट्रॉलीपेक्षा किंचित उंच ठेवा, दोन्हींचे ब्रेक लावा, अंतर मिटवा आणि मोजून एकदम ओढा. खाटांचे हँडल अडकलेले असतात म्हणून कोणी उंची बदलत नाही. महिन्यातून एकदा ग्रीस भरणं ही कर्मचाऱ्यांच्या पाठीची सोय आहे. ट्रॉलीची चाकं आणि ब्रेकही त्याच दिवशी बघा.

एक्स-रे आणि सी-आर्मबद्दल नियम स्पष्ट आहेत आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय आपल्या अणुशक्तीनगरातच आहे. कामगाराच्या अंगावर पडणाऱ्या किरणांची मर्यादा पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेले किरण मोजणारा) शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर. तो ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे ऑर्थोपेडिक सर्जन पुष्कळ असतात, त्यांना थिएटरच्या दारातच बिल्ला द्या. एप्रन घडी घालून ठेवला तर शिसं तडकतं. दांडीवर टांगा आणि वर्षातून एकदा सी-आर्मखाली धरून भेगा बघा. एक्स-रे चालू असताना रुग्णाचा पाय धरून उभं राहायला मामाला बोलावणं बंद करा. त्याच्याकडे एप्रनही नसतो आणि बिल्लाही.

एमआरआय तुमच्याकडे नाही, पण रुग्ण तिथे पाठवत असालच. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाने ओढला गेला आणि दगावला. २०१४ मध्ये खारघरमध्ये दोन कर्मचारी सिलिंडरसह यंत्राला चिकटून काही तास अडकले होते. ते चुंबक चोवीस तास चालू असतं, तपासणी चालू असो वा नसो. सोबत जाणाऱ्या वॉर्डबॉयला हे सांगितल्याशिवाय पाठवू नका.

आगीबद्दल मुंबई आणि आसपासचा अनुभव फार कडू आहे: डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीचं कामगार रुग्णालय, मार्च २०२१ मध्ये भांडुप, एप्रिल २०२१ मध्ये विरारचा आयसीयू. आयसीयूत एसी आणि व्हेंटिलेटर रात्रंदिवस चालतात, वायरी गरम होतात आणि हवेत ऑक्सिजन जास्त असल्याने ठिणगी पडली तर कपडा क्षणात पेटतो. मास्क काढून उशीवर ठेवला आणि प्रवाह चालूच राहिला तर गादीत ऑक्सिजन मुरतो. मास्क काढला की आधी फ्लोमीटर बंद करायचा. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो देता देता जिन्याकडेही बघा. मोडक्या खाटा आणि जुने कागद नेहमी सुटकेच्या जिन्यातच सापडतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोणता, तो बंद केल्याने कोणत्या खाटा बंद पडतात आणि बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे रात्रपाळीच्या इन्चार्ज सिस्टरला ठाऊक हवं. तिला मेट्रनची परवानगी मागत बसावं लागू नये.

मारहाणीचा प्रश्न आयसीयू आणि कॅज्युअल्टीत रोजचा आहे. महाराष्ट्राचा २०१० चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो, गुन्हा अजामीनपात्र आहे. पण तक्रार करायची कोणी, यावर गाडी अडते. ती रुग्णालयाने करायची, रात्री मार खाल्लेल्या डॉक्टरने एकट्याने पोलीस ठाण्यात जायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या रुग्णालयांना संस्थाप्रमुखाने सहा तासांत तक्रार द्यावी असा आदेश निघाला, तोच स्वतःला लावून घ्या. खोलीत डॉक्टरची खुर्ची दाराच्या बाजूला ठेवा, मृत्यूची बातमी ज्येष्ठ डॉक्टरने बसवून सांगा आणि रुग्णामागे नातेवाइकासाठी एकच पास. कपडे बदलण्याची खोली तळघरात किंवा आडबाजूला नको. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये एका परिचारिकेवर हल्ला झाला तो अशाच जागी, कपडे बदलताना, आणि पुढची ४२ वर्षं ती अंथरुणावरून उठली नाही. आजही कितीतरी रुग्णालयांत त्या खोलीला आतून धड कडी नसते. दिवा, कडी आणि रहदारीच्या मार्गावरची जागा, एवढं तरी आजच बघा.

पावसाळ्यात हिंदमाता, परळ, सायन भागातून कर्मचारी गुडघाभर पाण्यातून येतात. पाय धुवायला जागा, कोरडी पादत्राणं आणि पायाला जखम असलेल्यांना लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन. लोकल बंद पडली की आधीची पाळी पुढे चालू राहते आणि अठराव्या तासाला सुई टोचते. त्या रात्रीपुरती तातडीची नसलेली कामं लांबवा. कचऱ्याची गाडी आली नाही तरी पिशव्या ४८ तासांच्या पलीकडे ठेवता येत नाहीत, हेही आधीच ठरवून ठेवा.

हे सगळं चालवायचं कोणी? ३० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयाला कचरा व्यवस्थापनाची समिती लागते आणि तिने सहा महिन्यांतून एकदा तरी बसावं लागतं. तीच समिती कर्मचारी सुरक्षेसाठी वापरा, पण महिन्याला बसवा आणि तिच्यात एक मावशी आणि एक मामा घ्या. संसर्ग नियंत्रण सिस्टरवर सगळं टाकून तिला वॉर्डची ड्यूटीही दिली तर काही होणार नाही. तिला आठवड्याला किमान दोन अर्धे दिवस फक्त यासाठी मोकळे द्या. घटनेचा फॉर्म एक पानी: कुठे, किती वाजता, कोणती वस्तू, डबा किती अंतरावर होता. ‘चूक कोणाची’ हा रकाना ठेवूच नका. ज्या रुग्णालयाच्या वहीत वर्षभरात एकही सुई टोचल्याची नोंद नाही तिथे सुया टोचत नाहीत असं नव्हे, तिथे लोक सांगत नाहीत. नोंदी वाढल्या तर सुरुवातीला समाधान माना.

शेवटी कंत्राट. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाची लस, रुजू होताना आणि दरवर्षी तपासणी आणि प्रशिक्षण ही जबाबदारी कचरा नियमांनी रुग्णालयावर टाकली आहे, ती एजन्सीवर ढकलता येत नाही. कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही, आरोग्यसेवेच्या कामात लागलेले संसर्गजन्य आजार व्यवसायजन्य धरले आहेत. म्हणजे मावशीला क्षय झाला तर तिचा भरपाईवर हक्क आहे, फक्त नोंदी हव्यात. पुढच्या नूतनीकरणात चार कलमं घाला: लसीचा पहिला डोस झाल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही, ईएसआयसीचा (कामगार राज्य विम्याचा) भरणा दर महिन्याला दाखवायचा, सुई टोचल्याच्या दिवसाची आणि पाठपुराव्याच्या तपासण्यांच्या दिवसांची मजुरी कापायची नाही, आणि घटना कळवली म्हणून कोणाची साइट बदलायची नाही. चौथं कलम घालताना एजन्सी हमखास हरकत घेते. तिथे मागे हटू नका.